शिलेदाराचा घोडा आणि त्याचा मोतद्दार : खाजगी अश्वसेवेच्या वेतनाचा विचार

मराठ्यांच्या इतिहासात घोड्याचे स्थान काय होते हे सांगण्यासाठी नवा पुरावा देण्याची आवश्यकता नाही. भीमथडी तट्टाची चिवट जात, अरबी घोड्यांचा सागरी व्यापार, गनिमी काव्यातील घोडदळाची चपळाई या विषयांवर विपुल लेखन झालेले आहे. परंतु ज्या माणसाच्या हातून हा घोडा रोज खात होता, पीत होता व उभा राहत होता, त्या माणसाकडे इतिहासकारांचे लक्ष क्वचितच गेले. त्याची नेमणूक कोण करी, त्याला वेतन कशाच्या प्रमाणात मिळे, घोड्याला अपाय झाल्यास त्याचे काय होई, हे प्रश्न दिसण्यास किरकोळ आहेत. परंतु चाकरीचा करार, मजुरीची पातळी आणि धनी-चाकर यांच्यामधील विश्वास या तीन मोठ्या विषयांचा त्यांच्याशी निकटचा संबंध आहे.

प्रस्तुत विवेचनाचा मुख्य मुद्दा असा की, घोडा राखणाऱ्या चाकराचे वेतन त्याच्या स्वतःच्या निर्वाहाच्या गरजेवरून ठरत नसे. ते घोड्यावरील एकूण खर्चाचा एक पोटभाग म्हणून ठरत असे. त्यातच घोड्याचा दाणा त्याच्याच हातून जात असल्यामुळे वेतनाच्या प्रत्येक व्यवस्थेला संशयाची व दंडाची जोड मिळालेली दिसते. राजाच्या अश्वशाळेत हा संशय कारकून व दारोगा यांच्या देखरेखीत विभागला जाई. खाजगी घोड्याच्या बाबतीत मात्र धनी व चाकर समोरासमोर उभे असत. म्हणून खाजगी अश्वसेवेचा विचार स्वतंत्रपणे करणे युक्त ठरते.

१. संज्ञा

या चाकराला मराठीत अनेक नावे होती. ‘मोतद्दार’ हे त्यांपैकी बरेच रूढ नाव. दुसरे नाव ‘खासदार’. मोल्सवर्थच्या कोशात हा शब्द घोड्याची निगा राखणारा चाकर या अर्थाने नोंदविलेला आहे. संसदेच्या सभासदास आज लावला जाणारा हा शब्द एका काळी तबेल्यातील माणसाचा वाचक होता, हे अर्थांतर भाषेच्या अभ्यासकास मननीय वाटेल. उत्तर हिंदुस्थानात ‘सईस’ हा अरबी मूळ असलेला शब्द प्रचलित होता व इंग्रजांनीही तोच उचलला. मुंबईच्या बाजूस युरोपियन लोकांच्या घरी याच माणसाला ‘घोडेवाला’ म्हणत.

या माणसापासून इतर तीन कामगार वेगळे ओळखले पाहिजेत. घोड्याला चाल व शिस्त लावणारा तो चाबुकस्वार. खूर तासून नाल ठोकणारा तो नालबंद. आणि रानातून गवत कापून आणणारा तो गवतकाप्या. चाबुकस्वार व नालबंद हे हुनरी कामगार मानले जात. मोतद्दाराचे काम मात्र ‘कोणालाही येण्यासारखे’ समजले जाई, आणि त्याच्या वेतनाच्या प्रश्नाचे मूळ पुष्कळ अंशी या समजुतीत आहे.

२. कामाचे स्वरूप

ही समजूत कितपत यथार्थ होती हे पाहण्यासाठी त्याच्या दिनक्रमाकडे वळले पाहिजे. पहाटे लीद काढून ठाण कोरडे करणे, पाणी दाखविणे, मग खरारा करून अंगावरील घाम व धूळ काढणे, हाताने अंग रगडणे, खूर उचलून त्यातील खडे व चिखल काढणे, ही सकाळची कामे. हरभरा भिजविणे किंवा भरडणे, कुळीथ शिजविणे, ठरलेल्या वेळी तोबरा चढविणे, कडबा अथवा हरळी घालणे, हे दिवसाचे काम. खोगीर, तंग, रिकिबी व लगाम पुसून ठेवणे, संध्याकाळी पुन्हा खरारा करणे, रात्री आगाडी-पिछाडी तपासून झूल घालणे, आणि त्याच ठाणाजवळ निजणे, हे दिवसाच्या शेवटचे काम. म्हणजे या चाकरीला सुट्टीचा दिवस असा नव्हताच. स्वारी नसेल त्या दिवशीही घोडा खातो, आणि धनी परगावी गेला तरी त्याला पाणी पाजावेच लागते.

यात कौशल्याचा भाग लहान नाही. घोड्याला ओकारी होऊ शकत नाही. त्यामुळे चुकीच्या वेळी दिलेला अथवा अर्धवट भिजलेला दाणा पोटशूळाला कारण होतो, आणि पोटशूळ काही तासांतच प्राणघातक ठरू शकतो. दमून आलेल्या घोड्यास केव्हा व किती पाणी द्यावे, तंग कोठे घासतो आहे, कोणता पाय घोडा हलका टाकतो आहे, चंदी का उरली आहे, या गोष्टी धन्याच्या आधी मोतद्दारास कळतात. शालिहोत्राचे शास्त्र ग्रंथांत असले तरी त्याचा पहिला उपयोग करणारे डोळे याच माणसाचे होते. सारांश, शेकडो रुपयांचे जनावर ज्याच्या निरीक्षणावर जगते त्याला अकुशल मजुराच्या पंक्तीस बसविण्यात आलेले होते. ही विसंगती केवळ एका काळाची नाही.

३. राजशाळांतील दर

खाजगी चाकरीचे दर नेहमीच राजशाळेच्या दरांच्या छायेत ठरत असणार. म्हणून प्रथम त्या दरांचा परामर्श घेणे सोयीचे होईल. कौटिलीय अर्थशास्त्राच्या अश्वाध्यक्षप्रकरणात घोडे बांधणारा, वैरण आणणारा, खाद्य शिजविणारा, ठाण राखणारा, आयाळ कापणारा व विषवैद्य असे निरनिराळे सेवक उल्लेखिलेले असून, कामात कसूर झाल्यास त्यांचे त्या दिवसाचे वेतन कापावे असे तेथे सांगितले आहे. त्याच ग्रंथाच्या वेतनप्रकरणात अश्वाध्यक्षास ४,००० पण, घोडे शिकविणाऱ्या अश्वदमकास २,००० पण, आणि चतुष्पादांच्या परिचारकांस ६० पण असे दर आहेत. हे दर सामान्यतः वार्षिक समजले जातात. शिकविणारा व राखणारा यांच्या वेतनांतील हे तेहतीस पटींहून अधिक अंतर ग्रंथकाराच्या कल्पनेतील आदर्श राज्याचे आहे असे मानले, तरी त्यामागील मूल्यनिर्णय स्पष्टच आहे.

अकबराच्या अश्वशाळेचे चित्र अबुल फज्लने ऐन-इ-अकबरीत अधिक तपशिलाने रेखाटले आहे. दोन घोड्यांमागे एक सईस असा तेथील नियम. उत्तम प्रतीच्या तबेल्यातील सईसास महिना १७० दाम, आणि सर्वांत खालच्या तबेल्यांत १०६ दाम मिळत. ४० दामांचा रुपया धरला असता हे वेतन अनुक्रमे सव्वाचार रुपये व दोन रुपये सव्वीस दाम इतके होते. दहा चाकरांवर एक अनुभवी सईस ‘मिरदहा’ म्हणून नेमला जाई. म्हणजे या कामात बढतीची एक पायरी तरी होती. दृष्ट लागू नये म्हणून धुरी देणारा ‘सिपंदसोज’ हाही नोकरांच्या यादीत आहे.

आता या आकड्यांची तुलना घोड्याच्या खाद्याशी करून पाहावी. खासा घोड्यास रोज साडेसात शेर दाण्याचा शिरस्ता होता. शिवाय पीठ, साखर व हंगामाप्रमाणे तूप मिळे. आणि ताजे गवत नसेल त्या दिवसांत सुक्या गवतासाठी रोज दोन दाम मंजूर असत. सुक्या गवताचा खर्च तेवढा घेतला तरी तो महिना ६० दाम होतो. एक सईस दोन घोडे राखी. म्हणजे एका घोड्यामागे सईसाच्या वेतनाचा वाटा ८५ दाम पडे. दाणा, पीठ व साखर यांची किंमत त्या ६० दामांत मिळविली की, घोड्याच्या पोटावरील खर्च राखणाऱ्याच्या वेतनापेक्षा कितीतरी पुढे जातो, हे वेगळे सांगावयास नको. ज्या हातातून ही साखर व हे तूप जाई तो हात १७० दामांचा होता.

दंडाचे नियम याच पार्श्वभूमीवर वाचले पाहिजेत. खासा घोडा मेल्यास दारोग्याने घोड्याच्या मूळ किमतीतील प्रत्येक मोहरेमागे एक रुपया भरावा, मिरदह्याने दहा दाम द्यावेत, आणि सईसांच्या वेतनाचा चौथा हिस्सा कापावा असा नियम होता. दारोग्याचा दंड घोड्याच्या किमतीशी बांधलेला, तर सईसाचा दंड त्याच्या स्वतःच्या वेतनाशी. यात एक प्रकारची व्यावहारिक न्यायबुद्धी दिसते, कारण घोड्याच्या किमतीच्या प्रमाणात दंड भरण्याची सईसाची ऐपतच नव्हती.

४. पागा व शिलेदारी

मराठ्यांच्या घोडदळात पागा व शिलेदार असे दोन विभाग होते. पागेतील बारगिरास घोडा सरकारातून मिळे; शिलेदार स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस राही. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये लिहिलेल्या बखरीत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमल्याचे सांगितले आहे. पाणी आणि नाल या दोन गोष्टी सरकारने समाईक केल्या, हे त्यावरून स्पष्ट होते. त्या विधानात मोतद्दाराचा निर्देश नाही. मोहिमेवर खरारा-चंदीचे पुष्कळसे काम बारगिराच्या अंगावरच पडत असावे, असा तर्क करण्यास जागा आहे.

पागेच्या घोड्यांविषयी शिवाजी महाराजांची दृष्टी किती बारीक होती याचे गमक म्हणजे १६७३-७४ च्या सुमारास चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना गेलेले प्रसिद्ध पत्र. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण आरंभीच मनास येईल तशी उधळली, तर पुढे भर पावसात घोडी मरतील व त्या मरणाचा दोष तुमच्यावर येईल, असा त्याचा आशय आहे. गवताच्या गंजीजवळ आगटी पेटविणे, दिवा जळता ठेवणे, उंदराने पेटती वात ओढून नेणे, अशा संकटांचाही त्यात विचार केलेला आहे. रयतेच्या काडीलाही हात लावू नये ही त्यातील ताकीद सर्वश्रुत आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे असे की, या पत्रात जबाबदारी वरच्या अंमलदारांवर ठेवलेली आहे. दाण्याचा हिशेब राखणे हे अंमलदाराचे काम, ठाणावरच्या माणसाचे नव्हे, असे तत्त्व त्यातून निघते.

शिलेदाराच्या घोड्याला हे छत्र नव्हते. घोडा त्याची स्वतःची मालमत्ता; तो मेला अथवा लंगडा झाला तर शिलेदाराची चाकरीच धोक्यात येई. सरकारातून मिळणारा रोजमुरा माणूस व घोडा मिळून एकत्र असे; त्यातून चंदी, नाल, खोगीर व मोतद्दाराचा मुशाहिरा भागविणे हे ज्याचे त्याने पाहावे. म्हणजे मोतद्दाराचा खरा धनी सरकार नव्हे, शिलेदार होय. आणि त्या शिलेदाराचे उत्पन्न मात्र सरकारच्या तिजोरीवर अवलंबून.

येथे या चाकरीतील मोठी अडचण प्रत्ययास येते. मोहिमेचा हंगाम दसऱ्याला सुरू होई व पावसाळ्यापूर्वी संपे. परंतु घोडा बारा महिने खाई. शिलेदाराचे उत्पन्न हंगामी व अनिश्चित, तर मोतद्दाराची गरज अखंड. त्यात सैन्याचे पगार तुंबणे ही अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात नित्याची बाब झाली. टी. डी. ब्रॉटन याने १८०९ साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून लिहिलेल्या पत्रांत थकलेल्या पगारासाठी सैनिकांनी धरणे धरल्याची वर्णने आहेत. जेथे शिपायालाच धरणे धरावे लागे, तेथे शिपायाच्या चाकराने कोणाच्या दारी बसावे? थकबाकीच्या साखळीतील शेवटची कडी तोच होता. रोख मुशाहिरा तुंबला की त्याचे पोट शिध्यावर, जुन्या कपड्यावर व सणाच्या पोस्तावर येऊन ठेपे. दसऱ्याला घोड्याला न्हाऊ घालून, रंगवून त्याची पूजा होई. त्या दिवशी मोतद्दाराच्या हातावर पडणारे पोस्त हा म्हणूनच केवळ आनंदाचा भाग न राहता वेतनाचाच एक अंश बनत असे.

याहूनही कठीण प्रसंग दुष्काळाचा व वेढ्याचा. १७६०-६१ च्या हिवाळ्यात पानिपतावर मराठ्यांची रसद तुटली तेव्हा माणसे व जनावरे दोघांचीही उपासमार झाली. छावणीतील मोतद्दार, बाजारकरी व इतर चाकर हे सर्व ‘बुणगे’ या एकाच तुच्छतादर्शक शब्दाखाली मोजले गेले, आणि रसद खाणारी गर्दी म्हणून पुढील इतिहासलेखनातही त्यांच्यावर ठपका आला. परंतु त्या गर्दीतील एका वर्गावर घोडदळाची चाल अवलंबून होती. मूठभर हरभरा घोड्याच्या तोबऱ्यात घालावा की स्वतःच्या तोंडात, हा प्रश्न ज्याच्यापुढे रोज उभा राहिला त्याच्या वर्तनाची परीक्षा शांततेच्या काळातील नियमांनी करता येणार नाही.

५. इंग्रजी अमलातील खाजगी तबेला

इंग्रजी अमलात खाजगी घोड्यांची संख्या शहरे व छावण्या यांतून वाढली. मुंबईस अरबस्तानाकडून व पुढे ऑस्ट्रेलियाहून येणाऱ्या घोड्यांचा मोठा बाजार होता. अधिकारी, व्यापारी, वकील व डॉक्टर यांच्या घरी बग्गीचा घोडा ही गरज बनली. त्याबरोबर घोड्याचा चाकर हा घरच्या नोकरवर्गाचा कायमचा घटक झाला. दर घोड्यास एक सईस, आणि उत्तरेकडे बहुधा एक गवतकाप्याही, असा शिरस्ता पडला. अकबराच्या तबेल्यात एका सईसाकडे दोन घोडे होते हे लक्षात घेता, हा नवा शिरस्ता स्वस्त मजुरीचाच परिणाम म्हटला पाहिजे.

वेतनाचे नियंत्रण करण्याचे प्रयत्न फार लवकर सुरू झाले. १७५९ मध्ये कलकत्त्यात कंपनीच्या अंमलदारांनी घरच्या चाकरांच्या वेतनाचा एक तक्ता ठरवून दिला. त्यात सईस व गवतकाप्या यांची वेगवेगळी नोंद असून दोघेही तक्त्याच्या खालच्या भागात आहेत. घोडागाडी हाकणारा वरच्या दर्जाचा, घोडा राखणारा खालच्या दर्जाचा, ही कौटिल्याच्या काळची उतरंड येथेही कायम राहिली.

करार बहुधा तोंडी असे. महिन्याचा रोख पगार, जेवण ज्याचे त्याने पाहावे, राहण्यास तबेल्यालगतची खोली, आणि पूर्वीच्या धन्याची ‘चिठ्ठी’ हीच लायकीची साक्ष. ही चिठ्ठी देणे न देणे धन्याच्या मर्जीवर असल्याने, पगाराविषयी तक्रार करणाऱ्या चाकराला पुढची नोकरी मिळणे दुष्कर होई. उलट बाजूने, दाणावैरण खरेदी करताना दुकानदाराकडून दस्तुरी घेण्याची रीत सर्वत्र होती. धनी तिला चोरी म्हणे, चाकर तिला हक्क म्हणे. अपुऱ्या पगाराची भरपाई करणारी ती एक अलिखित तडजोड होती, असे तटस्थ निरीक्षकास म्हणावे लागते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानात राहणाऱ्या युरोपियनांसाठी घरकारभाराची व अश्वपालनाची मार्गदर्शक पुस्तके निघाली. स्टील व गार्डिनर या दोन बाईंचे १८८८ मधील पुस्तक त्यांत विशेष प्रसिद्ध आहे. अशा लेखनातून प्रकट होणारी धनीवर्गाची दृष्टी साधारणपणे एकसारखी आहे : दाणा कुलुपात ठेवावा, मोजून काढावा, त्यात कोंडा मिसळावा, आणि घोडा खाईपर्यंत धन्याने समोर उभे राहावे. या खबरदारीमुळे घोड्याचे रक्षण होत असेल; परंतु हरभऱ्यासारखे साधे धान्य चोरण्याची पाळी पगारी माणसावर का यावी, हा प्रश्न धनीवर्गाच्या हिशेबात सहसा येत नसे.

कायद्याचे वजनही एकाच पारड्यात होते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेच्या ३८१ व्या कलमान्वये नोकराने धन्याच्या ताब्यातील वस्तू चोरल्यास सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. ही शिक्षा साध्या चोरीच्या शिक्षेहून अधिक होती. पगार वेळेवर न देणाऱ्या धन्यावर मात्र तशी जरब नव्हती. १९३६ चा वेतन प्रदान कायदा मुख्यतः कारखाने व रेल्वे यांतील कामगारांसाठी होता. घरच्या चाकरास त्याचा आधार मिळाला नाही.

या चाकरीची एक सामाजिक बाजूही विचारात घ्यावयास हवी. लीद व जनावर यांच्याशी संबंध असल्याने हे काम हलके मानले जाई. आणि युरोपियन घरांत स्पृश्यास्पृश्यतेचे बंधन तितके नसल्यामुळे महार व इतर अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील लोकांना तेथे चाकरीस वाव मिळाला. गावातील बलुत्याच्या मानाने रोख पगार, छावणीतील वास्तव्य व नव्या भाषेचा परिचय यांचे महत्त्व त्या कुटुंबांना निश्चितच वाटले असले पाहिजे. हलके ठरलेले काम काहींना गावाच्या चौकटीबाहेर पडण्याचे साधनही झाले, हा इतिहासातील विरोधाभास ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

६. समारोप

मोटारगाडीच्या आगमनानंतर खाजगी तबेले ओस पडले आणि हा वर्ग विरळ होत गेला. पहिल्या महायुद्धानंतरच्या पुनर्रचनेत भारतीय घोडदळातील सिलादारी पद्धतीही बंद झाली, आणि स्वतःच्या घोड्यावर चाकरी करण्याची जुनी परंपरा संपली. पुण्यात पेशव्यांची हुजूरपागा जेथे होती तेथे आता मुलींची शाळा चालू आहे. शर्यतींचे तबेले व अश्वारोहणाच्या संस्था यांत सईस आजही काम करतो, परंतु घरोघरचा मोतद्दार राहिला नाही.

वर पाहिलेल्या पुराव्यावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, घोडा शिकविणारा व घोडा राखणारा यांच्यातील वेतनाचे अंतर राज्ये बदलली तरी टिकून राहिले. कारण शिकविणे हे हुनर आणि राखणे ही केवळ हजेरी, असे गृहीत धरले गेले. दुसरी, राजशाळेत दंडाची वाटणी दर्जाप्रमाणे होत असे. खाजगी चाकरीत अशी वाटणी करणारा मधला अंमलदार नसल्याने सर्व संशय एकाच माणसावर केंद्रित झाला. तिसरी, धन्याचे उत्पन्न अनिश्चित असेल तेथे त्या अनिश्चिततेचा शेवटचा भार मोतद्दाराने उचलला.

या विषयाचा पुढील अभ्यास करणाऱ्याने एक सूचना ध्यानी घ्यावी. गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेल्या पेशवे दफ्तराच्या ४५ खंडांत व सरदार घराण्यांच्या खाजगी दप्तरांत या माणसाचा शोध घ्यावयाचा तर तो नोकरांच्या याद्यांत न घेता घोड्याच्या खर्चात, चंदी, नाल व झूल यांच्या शेजारी घेणे अधिक फलदायी ठरेल. ज्या अर्थव्यवस्थेने त्याला घोड्याच्या खर्चाचे एक कलम मानले, तिच्या हिशेबात तो तेथेच सापडण्याचा संभव आहे. त्या कलमापुढील आकडा दर साली चंदीच्या आकड्याशी ताडून पाहिला, तर महाराष्ट्रातील मजुरीच्या इतिहासाला आजवर न वापरलेले एक साधन उपलब्ध होईल.